बिनतुपाचं पान

परशुराम कुबल तिसऱ्या बांगड्याचे काटे काढत बसला होता, तेवढ्यात लवू मास्तर अंगणातून धापा टाकत आला आणि ओटीच्या पायरीवरच बसला.

अंगात नवा सदरा, कपाळाला गंध, आणि चेहरा पार उतरलेला. जेवणाच्या आमंत्रणाला गेलेला लवू मास्तर भरल्या पानावरून उपाशी उठून येईल, हे गावात कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी परशुरामने मानलं नसतं.

"परशा, हात धू आणि चल," मास्तर म्हणाला. "पेडणेकरांकडे पावण्याक जेवणातसून कायतरी घातलाहा म्हणतत. आळ सुभद्रेवर इलोहा."

"पावणो जिवंत आसा?"

"आसा. कट्ट्याच्या डॉक्टरान सुई दिली. पण सुभद्रा मेल्यात जमा."

"म्हणजे घाई सुभद्रेची आसा," परशुराम म्हणाला. "पाणी पी. पयल्यापासून सांग. जेवणाचा वर्णन सोडून."

परशुरामचं मुंबईत गिरगावला दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. पळून गेलेले मुनीम, खोटी मृत्युपत्रं, गोदामातून पाय फुटलेला माल, असली कामं तो करायचा. चतुर्थीला मात्र तो न चुकता गावी यायचा. एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या त्या चतुर्थीतही आला होता. त्याच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. तो गेला, गौरीही गेल्या, आणि नवव्या दिवशी परशुराम बांगड्यांकडे वळला होता. पेडणेकरांचा गणपती अकरा दिवसांचा, म्हणून त्यांच्याकडे अजून सोवळंओवळं कडक चाललं होतं.

मास्तरने सांगितलं ते असं. कट्ट्याच्या बाजाराच्या अलीकडे गंगाराम पेडणेकरांचं घर, काजू-खोबऱ्याचा व्यापार. त्यांच्या मुलीला, सीतेला, मुंबईच्या हरिश्चंद्र आरोलकरांच्या मुलाकडून मागणी आली. आरोलकर मूळचे शिरोड्याचे. नवव्या दिवशी ते बायकोला आणि आपले भागीदार चिमणलालशेठ यांना घेऊन जेवायला येणार होते. आधी पत्र आलं, आणि पत्रात जेवणाची पथ्यं.

आरोलकरांना लहानपणापासून दुधाचं वावडं. दूध, दही, ताक, तूप, काही म्हणता काही चालत नसे. थेंब गेला तरी अंगावर गांधी उठत, घसा आवळून येई. आरोलकरबाईंनी चातुर्मासात भाद्रपदाचं दही सोडलेलं. चिमणलालशेठ जैन. त्यांना कांदा-लसूण नको, जमिनीखालचा कंद नको, मध नको.

पत्र वाचून गंगारामशेट हवालदिल झाले. सणाचं पान, मोठे पाहुणे, आणि पानात तूप नाही? तेव्हा लवू मास्तरनेच छातीवर हात मारून सांगितलं की सुभद्रेला बोलवा.

सुभद्रा लग्नाकार्यांत रांधायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि चुलीसमोरच्या कष्टांवर तिचं घर चाललं होतं. तिने मास्तरकडून यादी वाचून घेतली आणि हसली. म्हणाली, आमचा जेवाण तीन वाटे नारळाचाच आसता, तुपाक कोण विचारता? आणि तिथल्या तिथे तिने तोंडी पान मांडून दाखवलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं कांद्याशिवाय, भाजलेल्या खोबऱ्यात. मिश्र भाज्यांच्या खतखत्यात सुरण-कणगी असले कंद नाहीत, त्यांच्या जागी पडवळ, दोडका, कच्चं केळं, मक्याची कणसं. वडे खोबरेल तेलात. ताकाऐवजी सोलकढी. हळदीच्या पानातल्या पातोळ्या. मोदकावर तुपाऐवजी नारळाचा दाट रस. खीरसुद्धा नारळाच्या रसातली.

"तुका सांगलेला, वर्णन सोडून सांग," परशुराम म्हणाला.

"ह्या वर्णन न्हय, पुरावो," मास्तर दुखावून म्हणाला आणि पुढे गेला.

यादी मास्तरच्याच अक्षरात होती. वर ठसठशीत मथळा, 'जेवण'. खाली प्रत्येक पदार्थ आणि त्यात काय घालायचं नाही ते. मधाच्या ओळीला आल्यावर मास्तर म्हणाला होता, मध आपल्या जेवणात खंय आसता, आणि त्याने ती ओळ खोडली होती. देवाच्या प्रसादाचाही विचार झाला होता. शिरा नको, नुसते खोबऱ्याचे तुकडे आणि साखर, असं ठरलं. इतकी काटेकोर यादी आपण परीक्षेच्या पेपरचीही केली नव्हती, असं मास्तरचं म्हणणं होतं.

मग आजची सकाळ. भटजी पहाटेच आले, आवर्तनं आणि अभिषेक उरकून धावतपळत दुसऱ्या घरी गेले. चतुर्थीच्या दिवसांत एका भटजीला दहा घरं. साडेदहाला पाहुणे आले. दर्शन झालं, तीर्थप्रसाद झाला, चिमणलालशेठ गणपतीवरच्या माटवीच्या लाकडी चौकटीला टांगलेली फळं आणि कवंडळं बघत दारातच रेंगाळले. आरोलकर हसत-बोलत होते, उजवा तळहात धोतरावर घासत. ते बघून चिमणलालशेठ म्हणाले, उजवा हात खाजतो म्हणजे पैसा येणार, सोयरीक शुभ आहे. सगळे हसले.

"माझो मेलो कायम डावोच खाजता," मास्तर मध्येच म्हणाला.

"फुडे."

पुढे पानं मांडली. आरोलकर पहिल्या पानावर. भात वाढला, सांबारं वाढलं. आरोलकरांनी दोन घास घेतले असतील नसतील, घशाला हात लावला. डोळे सुजले, अंगावर गांधी. एकच धावपळ. आणि त्या गोंधळात सोलकढी वाढणारा बाबली मोठ्याने म्हणाला, हय तुपाचो वास येता.

झालं. गंगारामशेटनी सुभद्रेला पाहुण्यांदेखत विचारलं, तूप घातलंस? ती नाही म्हणाली. शेटनी तिला मागच्या पडवीत जाऊन बसायला सांगितलं आणि चूल विझवली. वर्दी वाऱ्यासारखी पसरली. मार्गशीर्षातली दोन लग्नं तिच्याकडे होती. त्यांतल्या एका घरून तासाभरात निरोप आला की तुम्ही येऊ नका.

"तिका मी पुढे केलंय, परशा," मास्तर म्हणाला. "माझ्या शब्दार ती त्या घरात गेली. आता तिका कोण चुलीकडे उभी करीत?"

परशुरामने हात धुतले. पुन्हा एकदा साबण लावून धुतले, आणि चपला घातल्या.

सुभद्रा मागच्या पडवीत भिंतीला टेकून ताठ बसली होती. रडलेली दिसत नव्हती. परशुरामने तिला विचारलं की घरी का गेली नाहीस.

"गेलंय तर पळालंय म्हणतीत," ती म्हणाली. "माझ्या चुलीकडे दुधाचो थेंब येवक नाय, परशुरामानू. भांडी मी काल स्वतः चिंचेन घासलंय. तेल माझ्या घाण्याचा. नारळ माझ्या हातान फोडलंय. ह्या सगळा मी गणपतीसमोर सांगान."

"वाढला कोणी?"

"पावण्यांक मीच वाढलंय. दुसऱ्याच्या हातार भरवसो ठेवक नाय. बाबलीकडे फकत पाणी आणि कढी."

परशुराम स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबला. पाटावरचं आरोलकरांचं पान तसंच उचलून एका कोपऱ्यात ठेवलेलं होतं. भाताची एक कड मोडलेली, सांबाऱ्यात बोटांच्या खुणा. मोदक अख्खे, रस न ओतलेला. सोलकढीची वाटी काठोकाठ. त्याने मास्तरकडून टोपातलं थोडं सांबारं हातावर घेतलं, वास घेतला, चाटून बघितलं, आणि पुन्हा एकदा मागून घेऊन चाटलं.

"काय सापाडला?" मास्तरने आशेने विचारलं.

"बरा झालाहा," परशुराम म्हणाला. "मीठ मात्र जरा कमी."

बाबली विहिरीजवळ बिडी ओढत बसला होता. तोही आचारी. पेडणेकरांकडची कामं आधी तोच करायचा, आणि या खेपेला त्याला डावलून वाढप्याचं काम दिलं होतं. मास्तरचा संशय त्याच्यावरच होता आणि तो त्याने चेहऱ्यावर उघड ठेवला होता.

"माका राग आसा," बाबलीने सरळ कबूल केलं. "पण पावण्याच्या पानात माझा काय गेला? कढी तेणी तोंडाक लावक नाय. तुपाचो वास इलो तो इलो. माझा नाक खोटा बोलणा नाय. तीस वर्सां तुपातच गेली."

"वास खंयसून इलो?"

बाबलीने विचार केला. "माझ्या पाठसून. देवाच्या खोलीच्या बाजून."

परशुरामने मान डोलावली, जणू हेच त्याला हवं होतं. मास्तरला मात्र यात हवं असण्यासारखं काहीच दिसलं नाही.

गंगारामशेटची थोरली बहीण रुक्मिणीआका माजघरात जपमाळ घेऊन बसली होती. विधवा होऊन ती भावाकडे राहिली होती आणि घरातल्या देवधर्माचा कारभार तिच्या हाती होता. यादी झाली त्या दिवसापासून ती फुरंगटलेली. गणपतीला तुपाशिवाय नैवेद्य, हे तिला पटलंच नव्हतं.

"आका, तूप खंय लपवलंस?" परशुरामने विचारलं.

मास्तर दचकला. आकाची माळ थांबली, पण नजर खाली गेली नाही.

"लपवक नाय. देवाच्या पानार घातलंय," ती म्हणाली. "माणसांचा वावडा देवाक कित्याक? मी फकत नैवेद्याच्या मोदकांर घातलंय, एकवीस मोदकांर. पावण्याच्या पानाक माझो हात लागाक नाय."

"चुलीकडे गेललंस?"

"सुभद्रेच्या चुलीकडे मी पाय ठेवक नाय. ती ठेवक देणा नाय. भटजीन सांगलेला सगळा सामान मी पुढल्या दारान देवाकडे पोचयलंय, आणि तूपसुद्धा थयच."

मास्तरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर आल्याबरोबर त्याने परशुरामचा दंड धरला. नैवेद्य दाखवला की ते पान परत स्वयंपाकात मिसळायची रीत कित्येक घरांत असते. आकाचे तुपाचे मोदक तसेच पातेल्यात गेले असणार. उलगडलं.

"आरोलकरांनी मोदक खाल्ल्यानी?"

"नाय," मास्तर म्हणाला आणि त्याचा दंडावरचा हात सैल झाला. "तरी बगूया. मोदक मोजूया."

ते देवाच्या खोलीपाशी आले. परशुराम उंबऱ्याबाहेर थांबला. पोटात तीन बांगडे घेऊन तो गणपतीसमोर जाणार नव्हता. तपास आपल्या जागी आणि रीत आपल्या जागी.

"तू आत जा," तो म्हणाला. "दिसता ता सगळा सांग. तुका महत्त्वाचा वाटता ताच फकत नको. सगळा."

मास्तर आत गेला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं मोठ्याने सांगू लागला. गणपती. वर माटवी. समोर नैवेद्याचं पान, त्यावर मोदक, एक, दोन, तीन करत एकवीस. एकवीसही जागेवर, वर तूप थिजलेलं. समई. पळी-पंचपात्र. ताम्हन, त्यात सुपारी, दुर्वा, तुळशीची पानं, आणि तांबूस पाणी, कुंकवाचं. खोबऱ्याची ताटली, निम्मी रिकामी. कोनाड्यात उदबत्त्या, कापूर, एक मधाची बाटली, तिला मुंग्या लागलेल्या. एक पेला, धुतलेला नाही.

"मुंग्यो पुसून काढ रे," मास्तर आपल्याशीच म्हणाला आणि बाटली उचलून पुसू लागला. मग तो बाहेर आला. "काय नाय. मोदक सगळे आसत. तूप खंय जावक नाय."

"बरा," परशुराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. बारा वर्षांचे असताना दोघे एका बाकावर बसत, तेव्हा गणिताचं उत्तर आलं की परशुराम असाच हसायचा आणि उत्तर सांगायचा नाही.

आरोलकर पुढच्या खोलीत पलंगावर टेकून बसले होते. औषधाने उतार पडला होता, पण चेहरा अजून फुगलेला. बायको पंख्याने वारा घालत होती. चिमणलालशेठ खुर्चीत.

परशुरामने त्यांना हात पुढे करायला सांगितले. डावा तळहात साफ होता. उजव्या तळहातावर गांधी होत्या, बोटांच्या मधल्या खळग्यात सगळ्यांत जास्त. गांधी कपाळाच्या वरच्या कडेला होत्या, थेट टाळूपर्यंत, आणि पापण्यांवर.

"सांबाऱ्याचा हात," मास्तर कुजबुजला.

"सांबाऱ्यात बोटांची टोका बुडतत. तळहाताचो खळगो न्हय," परशुरामही तसाच कुजबुजला.

मग त्याने आरोलकरांना विचारलं की या घरात आल्यापासून त्यांनी काय काय खाल्लं, काय प्यायलं. आरोलकर म्हणाले, प्रसादाचं खोबरं, पाणी, आणि पानावरचे दोन घास. दुसरं काही नाही. गणपतीची शपथ.

"शेठजी, तुम्ही?"

"मी खोबरं घेतलं," चिमणलालशेठ म्हणाले. "गणपतीला दारातूनच नमस्कार केला. मला माझी बंधनं आहेत, पण देवाला कुठूनही दिसतं."

"बरोबर," परशुराम म्हणाला. "शेट, सगळ्यांना ओसरीवर बोलवा. सुभद्रेलाही."

गंगारामशेटच्या कपाळावर आठी पडली. सुभद्रेला कशाला, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण परशुरामने वाट बघितली आणि शेटनी आवाज दिला.

सुभद्रा पडवीतून आली आणि खांबापाशी उभी राहिली. बाबली पायरीवर, आका दाराआड. पाहुण्यांसमोर परशुरामने मुंबईची भाषा धरली.

"हे तूप कुणी घातलं, असं सगळे विचारताहेत," तो म्हणाला. "तूप घातलं गेलं, यात शंका नाही. बाबलीचं नाक खरं आहे. पण ते देवाच्या पानावर घातलं, आणि ते पान अजून तिथेच आहे, एकवीस मोदकांसकट. तेव्हा ते तूप यातून बाद. उरला प्रश्न, आरोलकरांना त्रास कशाने झाला. त्याच्याआधी मी विचारतो, कधी झाला?"

"दुसऱ्या घासाला," गंगारामशेट म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं."

"घसा दुसऱ्या घासाला आवळला. त्रास त्याच्या आधीच सुरू झाला होता. चिमणलालशेठ, तुम्हीच सांगितलंत. पैसा येणार म्हणून."

शेठजी क्षणभर गोंधळले, मग सावकाश सरळ बसले. "उजवा हात," ते म्हणाले. "हो. हात खाजत होता."

"पानं मांडायच्या आधी. सुभद्रेचा एक दाणाही वाढला गेला नव्हता. म्हणजे जेवणातलं काहीही असो, गुन्हेगार जेवण नव्हे." परशुराम थांबला आणि सुभद्रेकडे त्याने एकदा बघितलं. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला होता. "आता दुसरा प्रश्न, कुठे? उजव्या तळहाताचा खळगा, टाळू, आणि डोळे. मास्तर, तू देवळात जातोस. उजव्या हाताचा खळगा करून काय घेतोस, आणि उरलेला ओला हात कुठे फिरवतोस?"

मास्तरचा उजवा हात आपोआप वर आला. खळगा झाला, ओठांपाशी गेला, डोळ्यांना लागला आणि टाळूवरून मागे गेला. तिथेच तो थांबला.

"तीर्थ," मास्तर म्हणाला.

"मातीच्या गणपतीला आंघोळ घालता येत नाही," परशुराम म्हणाला. "म्हणून भटजींनी सुपारीवर अभिषेक केला. आधी पंचामृत, मग पाणी. सगळं एकाच ताम्हनात. पंचामृतात काय असतं ते आका सांगेल."

दाराआडून आकाचा आवाज अगदी बारीक आला. "दूध, दही, तूप, मध, साखर. भटजीन सांगललो. शेजारसून पेलोभर दूध मीच हाडलंय."

"पुढल्या दाराने. म्हणून सुभद्रेच्या चुलीला ते कळलं नाही. तो पेला आणि मधाची बाटली अजून कोनाड्यात आहेत. वरून पाणी पडलं, कुंकू पडलं, दूध पातळ होऊन तांबूस झालं. आरोलकरांना ते कुंकवाचं पाणी वाटलं."

"आमच्याकडे पंचामृत वेगळ्या वाटीत काढतात," आरोलकरबाई म्हणाल्या. "यांना दिसतं, हे नुसता नमस्कार करतात. ताम्हनातलं म्हणजे पाणीच, असं यांच्या डोक्यात."

"पण मी शपथ घेतली," आरोलकर उद्गारले. "दुसरं काही खाल्लं नाही म्हणून."

"खरीच शपथ आहे. तीर्थ म्हणजे खाणं, असं आपल्यात कुणाच्या मनात येतं? तुमच्या आलं नाही, मास्तरच्या यादीत आलं नाही. प्रसाद आला, तीर्थ नाही. आलं फक्त चिमणलालशेठच्या मनात. त्यांना मध चालत नाही, म्हणून ते दारातूनच पाया पडले."

चिमणलालशेठनी हात जोडले. "मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक असेल. परक्याच्या देवघरात मी काय बोलणार?"

लवू मास्तरला ती खोडलेली ओळ आठवली. मध आपल्या जेवणात खंय आसता. पुसून ठेवलेल्या बाटलीचा चिकटपणा अजून त्याच्या बोटांना होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने हात सदऱ्याला पुसले, नवा सदरा आहे हेही विसरून.

"एकच राहिलं," परशुराम म्हणाला. त्याला हे बोलणं आवडत नव्हतं, ते दिसत होतं. "भटजी तर निघून गेले होते. मग तीर्थ दिलं कोणी?"

गंगारामशेट आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. पळी त्यांच्याच हातात होती. व्याह्यांना मानाने पहिलं तीर्थ, सर्व रोग हरण करणारं म्हणून जो श्लोक म्हणतात तो मोठ्याने म्हणत, त्यांनीच दिलं होतं. आणि अर्ध्या तासाने त्याच तोंडाने त्यांनी सुभद्रेला विचारलं होतं.

शेट उठले. त्यांच्या घरात त्यांनी कुणासमोर मान खाली घातल्याचं मास्तरने कधी बघितलं नव्हतं. ते खांबापर्यंत गेले.

"सुभद्रे," ते म्हणाले, "माझ्याच हातान झाला. आणि बोल तुका लावलंय. सगळ्यांसमोर लावलंय, म्हणान सगळ्यांसमोर सांगतंय. माका माफ कर."

सुभद्रेला राग होता आणि तो तिने लपवला नाही.

"माफ करीन, शेटनू," ती म्हणाली. "पण तुमी हय ओसरीर सांगलात. निरोप गेलो तो चार वाड्यांनी गेलो. त्येंका कोण सांगतलो?"

उत्तर आरोलकरांनी दिलं. ते उठून उभे राहिले, जरा डगमगले, बायकोने धरायच्या आत सावरले.

"माझं पान मांडा," ते म्हणाले. "तेच जेवण, त्यांच्याच हातचं. दारं उघडी ठेवा आणि ज्याला बघायचं त्याला बघू द्या. मी अजून उपाशीच आहे."

बाई घाबरल्या. परशुराम म्हणाला की सांबारं मी दोनदा चाटलंय, त्यात नारळाशिवाय काही नाही, पण ठरवायचं तुम्ही. आरोलकर पाटावर जाऊन बसले.

चूल पुन्हा पेटवली ती बाबलीने. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सांबाऱ्याचा टोप चढवला, फुंकणीने जाळ केला आणि बाजूला झाला. वाढलं सुभद्रेने. आवाठातली, शेजारपाजारची माणसं हळूहळू अंगणात जमली, कुणी काकडी द्यायच्या निमित्ताने, कुणी निमित्ताशिवाय. आरोलकरांनी भात खाल्ला, सांबारं खाल्लं, वडा मोडून खतखत्यात बुडवला. मास्तर त्यांच्या तळहाताकडे डोळे लावून बसला होता. सुभद्रा हातात पळी घेऊन पानापाशी उभी होती.

आरोलकरांनी मोदक फोडला, त्यावर नारळाचा रस ओतून घेतला, खाल्ला. सोलकढीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली. मग उजवा हात वर करून तळवा सगळ्यांना दाखवला. गांधी मावळत आल्या होत्या, नवी एकही नव्हती.

"अजून दोन मोदक," ते म्हणाले. "आणि शेट, लग्नाचं जेवण याच करतील. ही माझी अट समजा."

सुभद्रेने मोदक वाढले. मग पळी ठेवून ती मास्तरकडे वळली.

"मास्तरांनू, ती यादी आसा खिशात?"

होती. मास्तरने ती काढली, चार घड्या उलगडल्या आणि पेन्सिल शोधली.

"लग्नाची यादी करूक घेवा. सगळ्यात वयर तीर्थ लिवा," ती म्हणाली. "आणि देवाच्या खोलीत काय जाता ता आधी माका दाखवक होया. आका, ऐकलंस?"

दाराआडून आका हो म्हणाली.

मास्तरने खोडलेली मधाची ओळ पुन्हा लिहिली. तीर्थ लिहिलं. मग त्याची नजर मथळ्यावर गेली. त्याने 'जेवण' हा शब्द खोडला आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'तोंडात जाणारं सगळं'. परशुरामला दाखवलं. परशुरामने वाचलं आणि कागद परत दिला.

"मास्तरांनू," सुभद्रा चुलीकडून म्हणाली, "तुमचा पान मांडलाहा. सकाळपासून उपाशी आसास."

मास्तर पाटावर जाऊन बसला. परशुराम ओसरीवरच थांबला. पोटात बांगडे असल्यामुळे पेडणेकरांच्या घरात त्याला त्या दिवशी जेवता येणार नव्हतं, आणि सांबाऱ्याचा वास तिथपर्यंत येत होता.